वंदनेच्या चालीत फ्रेंच

"थांब, थांब, थांब."

मॅडमनी हात वर केला. मी क्रियापदाच्या तिसऱ्या रूपावर होते. आवाज लांबवलेला, तोंड उघडं. ते तसंच उघडं राहिलं.

"हे काय गं? आपण विहारात बसलोय का?"

आधी मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं. मग त्याच्या शेजारचं. मग सगळा वर्ग. मॅडम पण हसल्या, तोंडापुढे रुमाल धरून. ईशान नावाचा एक पोट्टा आहे वर्गात. त्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि माझीच ओळ माझ्याच चालीत म्हणून दाखवली. शेवटचा सूर माझ्यापेक्षा लांब ओढला. त्यावर तर दोघी-तिघी बाकावर डोकं टेकवून हसल्या.

शनिवारची सकाळ. धरमपेठेतला पहिला मजला. खाली कपड्यांचं दुकान, वर आमचा फ्रेंचचा क्लास. मी उभी होते, आणि बसावं की उभंच राहावं हे मला कळत नव्हतं.

"वाईट नको वाटून घेऊस हं, मार्गो," मॅडम म्हणाल्या. "ज्याची त्याची पार्श्वभूमी असते. आलं माझ्या लक्षात. बस."

मी बसले. पुढची तीन रूपं माझ्या घशातच राहिली.

मार्गो हे माझं नाव नाही. क्लासला आलेल्या प्रत्येकाला मॅडम एक फ्रेंच नाव देतात. पहिल्याच दिवशी. म्हणाल्या होत्या, "इथे कुणी कुणाचं आडनाव विचारायचं नाही. इथे आपण सगळे फक्त विद्यार्थी." मला ते इतकं आवडलं होतं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती जिथे आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस अर्धा क्षण थांबत नाही आणि मग जास्तच गोड हसत नाही. ईशानला सगळे ईशानच म्हणायचे, मॅडमसुद्धा, पण वर्षभर मी तिथे मार्गो होते. मजेत होते. नाव झाकलं, आडनाव झाकलं. चाल झाकायची राहिली.

ती चाल कुठून आली ते सांगते.

आम्ही शहराच्या टोकाला, बेसाला राहतो. बाबा रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा जुनी वस्ती सोडून इथे फ्लॅट घेतला. लेआउटमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर टिनाच्या छताचा विहार आहे, लहानसा. रविवारी सकाळी तिथे वंदना होते. माझी आई पुढे म्हणते, बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणतात. आईचा आवाज मोठा आहे. माईक बिघडला तरी कुणाचं अडत नाही. आजोबा छप्पनला दीक्षाभूमीवर होते, आणि घरी आले ते वंदना शिकूनच आले, असं आई सांगते. ते पुढे म्हणायचे, घर मागून म्हणायचं. आमच्या घरात पाठांतर शिकायची ही एकच रीत. कोणीतरी पुढे म्हणतो, आपण मागून म्हणायचं, आणि चाल सोडायची नाही. मी पाढे असेच पाठ केले. आवर्तसारणी अशीच पाठ केली. मला दुसरी चालच येत नाही. येईल कुठून?

आता त्या क्रियापदाचं ऐका. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय पाठ करत होती ही.

मराठीत आपण म्हणतो, "त्यानं यावं असं तिला वाटत होतं." इच्छा, शंका, भीती, असलं काही मनात असलं की क्रियापद थोडं वाकतं. फ्रेंचमध्ये त्यासाठी वेगळीच रूपं आहेत. आणि ती भूतकाळात न्यायची असली की आणखी वेगळी. त्या काळाचं नाव एँपारफे द्यु सुबजाँक्तिफ. नाव घेतानाच दम लागतो. प्रत्येक क्रियापदाची सहा रूपं. 'असणे' घ्या. क जं फ्युस. क त्यु फ्युस. किल फ्यु. क नु फ्युसियों. क वु फ्युसिये. किल फ्युस. आता 'बोलणे' घ्या, पुन्हा सहा. 'येणे' घ्या, ते तर तोंडात मावतच नाही.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की हे कोणी बोलत नाही. खुद्द फ्रान्समध्ये बोलत नाहीत. जुन्या पुस्तकांत सापडतं, बस. मी आयटी पार्कमधल्या एका ऑफिसात काम करते, फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलते. कोणाचं पार्सल आलं नाही, कोणाचं वॉशिंग मशीन बंद पडलं. इतकी वर्षं झाली, एका गिऱ्हाइकानं हा काळ वापरला असेल तर शपथ. ते लोक शिव्यासुद्धा साध्या वर्तमानकाळात देतात.

मग पाठ कशाला करायचं? कारण मॅडमना पाहिजे होतं. मॅडम म्हणतात, "जो हे पाठ करतो तोच खरा भाषेचा माणूस. बाकीचे पोपट." आणि मॅडमना जे पाहिजे ते मला द्यायचंच होतं. दर वर्षी फ्रान्समधल्या शाळांत वर्षभरासाठी मदतनीस शिक्षक म्हणून आपल्याकडची पोरं घेतात. त्याला शिक्षकाची शिफारस लागते. नागपुरात वरच्या पातळीचं फ्रेंच शिकवणाऱ्या या एकच. आणि यांचा स्वतःचा नियम असा, की दर वर्षी एकालाच शिफारस द्यायची. ज्याची रूपं तोंडपाठ, त्याला.

मला ती शिफारस हवी होती. गिऱ्हाइकाचं वॉशिंग मशीन नको होतं. फळा हवा होता, पोरं हवी होती, समोर उभं राहून बोलायला हवं होतं. टाइप करायचं नव्हतं, बोलायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त आईला माहीत होतं.

सकाळी डब्याच्या घाईत आमचा अभ्यास चालायचा. मी ओट्याशी भाजी परतत म्हणायची, आई पोळ्या लाटत ऐकायची. पहिल्या दिवशी तिनं लाटणं थांबवलं.

"हे काय म्हणून राहिली वं? पाली तं नाही वाटत."

"फ्रेंच आहे आई."

"मंग फ्रेंचले वंदनेची चाल काहून लावली?"

"ध्यानात राहते म्हणून."

"राहीनच," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. "आमाले बी अशीच राह्यली."

आणि मग तिला राहवेना. मी "क जं फ्युस" म्हटलं की ती मागून म्हणायची. तिचं ते "फ्युस" ऐकून मी हसायची, तीही हसायची, पण थांबायची नाही. कोणी पुढे म्हटलं की मागून म्हणायचं, हे तिच्या अंगातच आहे. अर्थ तिला ठाऊक नाही. विचारलाही नाही. एकदा म्हणाली, "तिसऱ्या ओळीले घाई नको करू. आवाज लांब सोड अन् मंग दम घेजो. नाहीतं पुढच्या तीन ओळीले दम पुरत नाही." मी तसं करून पाहिलं. खरंच सहाही रूपं एका झोकात निघाली. तीन आणि तीन. मधे श्वास. चाल आणि क्रियापद अशी चपखल बसली की मला वाटलं, झालं, आता मला कोण अडवतो!

तिसऱ्या ओळीलाच अडवलं.

आणि त्याच्या आधी काय झालं होतं ते सांगायचं राहिलंच. माझ्या आधी ईशान उठला होता. त्यानं सगळी रूपं संस्कृतच्या चालीत म्हटली. शाळेत ते रामः रामौ रामाः घोकतात ना, अगदी तीच चाल. हातानं ताल धरून. मॅडमचा चेहरा असा फुलला! "व्वा! याला म्हणतात संस्कार. अरे, ज्याच्या कानावर लहानपणापासून संस्कृत पडलंय त्याला कुठलीही भाषा अवघड नाही." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. भैताडासारखी. मला वाटलं, अरे वा, म्हणजे चालीत म्हटलेलं चालतं. मग माझी पण चाल आहे की! मोठ्या हौसेनं उठले मी.

त्याची चाल संस्कार. माझी चाल पार्श्वभूमी.

हे दोन शब्द स्कूटीवर घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आपटत राहिले. प्रताप नगरच्या चौकात सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी मी तिथेच. मागचा माणूस हॉर्न देऊन देऊन थकला. "ओ मॅडम, झोपून राहिल्या काय?"

घरी आईनं विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," मी म्हटलं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता वैताग. मी ठरवलं, चाल सोडायची. सपाट म्हणायचं, बातम्या देतात तसं. बसायची आणि म्हणायची. क जं फ्युस, क त्यु फ्युस, आणि पुढे पाटी कोरी. काही म्हणजे काही आठवेना. 'बोलणे' गेलं. 'येणे' गेलं. 'शकणे' तर कधी आलंच नव्हतं असं वाटायला लागलं. चाल काढली तर शब्दच सुटून गेले. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकली, भिंतीवर कागद चिकटवले, ईशानसारखी संस्कृतची चाल लावून पाहिली. ती लावली की जीभ अडखळायची. परक्या घरात चपला कुठे काढाव्या ते कळू नये, तसं व्हायचं. मी पेन फेकायची. पुन्हा उचलायची. पुन्हा फेकायची. ऑफिसात साध्या वाक्यांत चुका व्हायला लागल्या. टीम लीडरनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" काय सांगणार त्याला? की एक मेलेला काळ माझ्या मानगुटीवर बसलाय?

सकाळचा अभ्यास बंद झाला. आईनं दोन-चारदा वाट पाहिली. लाटणं हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघायची. मी भाजी परतायची, गप्प. रविवारी विहारात गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. खरं कारण वेगळंच होतं. तिथे आईनं पहिली ओळ म्हटली असती आणि मला ईशान ऐकू आला असता. डोळे मिटलेला, हात जोडलेला, सूर ओढणारा. माझी वंदना पण त्यानं नासवून ठेवली होती. याचा राग मला सगळ्यात जास्त आला. फ्रेंच गेलं खड्ड्यात, ते तर नंतर शिकलेलं. हे माझं जन्मापासूनचं होतं.

लिहिताना मी 'मला' लिहिते. घरी 'मले' म्हणते. राग आला की लिहितानाही मलेच येतं, म्हणून हे चार-चारदा खोडून लिहून राहिली आहे. राहू द्या. हे असंच राहू द्या.

महिनाभरानं मॅडमनी क्लास सुटल्यावर थांबवलं. आवाज मधासारखा.

"मार्गो, बाळा, एक काम होतं. पुढच्या शनिवारी फ्रान्सहून एक बाई येतायत. शाळांसाठी जी निवड होते ना, त्या कामातल्याच. वर्ग बघणार आहेत. छोटासा कार्यक्रम ठेवलाय. तर तू तुझं ते म्हण."

"काय म्हणू?"

"अगं ते तुझं. रूपं. त्या तुमच्या चालीत. इतकी गंमत वाटते ऐकायला! पाहुण्यांना असलं फार आवडतं. आपला स्थानिक रंग." मग थांबून, काहीतरी छान सुचल्यासारखं, "आणि हो, पांढरी साडी नेसून ये. तुमच्याकडे नेसतात ना विहारात? हात जोडून उभी राहा. मस्त दिसेल."

मी वही पिशवीत घातली.

"शिफारशीचं मी बघतेच आहे," त्या म्हणाल्या. "ईशान आहेच, पण तुझंही नाव माझ्या डोक्यात आहे. तू फक्त एवढं कर."

बघा आता. काय करायचं माणसानं? जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले, आणि खोटं कशाला बोलू, आशेनं उतरले. डोक्यात फ्रान्सची शाळा आली. फळा आला. दोन मिनिटांचं तर काम. हसतील, हसू देत. एकदा हसलेच आहेत. रस्ताभर मी स्वतःला समजावत आले, आणि समजावता समजावता मला माझीच शिसारी आली.

आईला म्हटलं, "तुझी पांढरी साडी पाहिजे शनिवारी."

"कायले?"

मग सांगितलं. सगळं नाही. पाहुण्या येणार, मला वंदनेच्या चालीत म्हणायला सांगितलंय, गंमत म्हणून, आणि त्यावर फ्रान्सला जायचं ठरणार, एवढंच. आईला 'गंमत' शब्द कळला. तिचा चेहरा बारीक झाला. पण बाई व्यवहारी.

"म्हणून टाक वं," ती म्हणाली. "दोन मिन्टाचं काम हाय. आमी काय कमी आयकलं का लोकायचं? तुले जायले भेटते तं जा."

मी भडकले. "तू ऐकलं म्हणून मी पण ऐकायचं का? मग आजोबा कायले गेले होते दीक्षाभूमीवर, हवा खायले?"

ती कपाटाकडे गेली. साडी काढली, कडक इस्त्रीची, विहाराची. पलंगावर ठेवली. घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "गंमत म्हणजे? आदी बी म्हटलं होतं का तू त्याइच्यासमोर?"

"हाव."

"हासले?"

"हाव."

"कोण?"

"सारेच."

"बाई बी?"

"बाई बी."

तिनं साडीच्या घडीचा कोपरा सरळ केला. मग तिनं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "कोणत्या जागी हासले?"

माझ्यानं सांगवेना. ती वाट बघत राहिली.

"तिसऱ्या ओळीले," मी म्हटलं. "आवाज लांब सोडला तिथं."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. साडी उचलली, पुन्हा कपाटात ठेवली, कपाट लावलं आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांडी फार वेळ घासली तिनं. आणि मी पलंगावर बसून होते, आणि माझं ठरलं होतं. कोणी काही समजावलं नाही, कोणी भाषण दिलं नाही. त्या बाईनं माझ्या आईचा श्वास हसण्यावारी नेला होता, आणि आता तो पांढऱ्या साडीत गुंडाळून पाहुण्यांपुढे ठेवायचा होता. नाही ठेवणार. जा म्हणा.

शनिवारी मी ऑफिसचाच कुर्ता घालून गेले. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड तसंच. वर्गात फुगे लावलेले. पाहुण्या बाई वयस्कर, चष्मा नाकावर, पुढच्या खुर्चीत. टेबलावर पाण्याची बाटली आणि समोसे. मॅडमनी मला दारातच गाठलं.

"साडी?"

"नाही आणली."

"अगं! बरं, असू दे. तशीच म्हण."

आधी ईशान उठला. मॅडमनी त्याला पाच क्रियापदं विचारली, त्यानं पाची म्हटली, त्याच त्याच्या चालीत. मॅडमनी पाहुण्यांना फ्रेंचमध्ये समजावलं, ही आमची हजारो वर्षांची मौखिक परंपरा. पाहुण्यांनी मान डोलावली. मग मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "आणि आता एक गंमत! मार्गो!"

वर्ग आधीच हसायला लागला. काय येणार हे त्यांना माहीत होतं. ईशाननं हात जोडून तयारच ठेवले होते.

मी उठले. बाकाच्या बाहेर आले. 

"मॅडम, मी गंमत म्हणून म्हणणार नाही."

"काय?"

"ईशानला विचारलीत तशी मला क्रियापदं विचारा. पाच विचारा, दहा विचारा. मी म्हणते. माझ्याच चालीत म्हणते. पण गंमत म्हणून नाही. आणि कुणी हसायचं नाही."

हसणं थांबलं.  मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं.

"मार्गो, पाहुण्यांसमोर तमाशा नको. बस खाली."

मी बसले नाही.

पाहुण्यांनी मॅडमकडे बघून फ्रेंचमध्ये विचारलं, काय झालं? आणि मॅडम, बघा हं, माझ्यासमोर, फ्रेंचमध्ये, जे फ्रेंच त्या मला शिकवतात त्याच फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "एल ए तिमिद." ती लाजते आहे.

माय वं! मला कळणार नाही असं वाटलं की काय त्या बाईला? की मी तिच्या हिशेबी त्या खोलीत नव्हतेच?

"नों, मादाम," मी पाहुण्यांना म्हटलं. "जं न स्वी पा तिमिद. जं रफ्युझ."

नाही, बाई. मी लाजत नाहीये. मी नकार देते आहे.

एवढंच आलं तोंडून. साधा वर्तमानकाळ, पहिल्या धड्यातला. उच्चार बरोबर होते. आता तुम्हाला वाटेल, पाहुण्या उठल्या असतील, माझा हात हातात घेतला असेल. तसलं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "आ बों," म्हणजे, असं का. चष्मा पुसला, पाणी प्यायल्या. मग कोणीतरी समोशांच्या प्लेटा फिरवल्या. शेवटी सगळ्यांचा फोटो काढला. तोवर मी बाहेर जिन्यात आले होते. मला कोणी बोलावलं नाही.

मॅडम मागून आल्या. हळू आवाजात, दातांवर दात धरून बोलल्या. ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवते. "तुझ्याच भल्यासाठी करत होते मी. तुम्हा लोकांसाठी कितीही करा."

तुम्हा लोकांसाठी. म्हणजे आडनाव विचारायचं नाही, पण धरून चालायचं.

शिफारस ईशानला मिळाली. तो चांगला म्हणतो, नाही असं मी म्हणत नाही. पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रात्ररात्र उशीत तोंड खुपसून रडले मी. माणसानं बरोबर गोष्ट केली की त्याला बरं वाटतं म्हणतात, मला तर काही बरंबिरं वाटलं नाही. हातचं फ्रान्स गेलं. ऑफिसात तीच वॉशिंग मशिनं. वर्गातल्या एकीनं मेसेज केला, 'तुझं बरोबर होतं यार', आणि वर्गात माझ्या शेजारून उठून दुसरीकडे बसली.

मी क्लास सोडला नाही. सगळ्यांना वाटलं होतं सोडेन. मॅडमना तर फारच वाटलं होतं. मी जाते, मागच्या बाकावर बसते. शनिवारी सगळ्यांना उभं करून रूपं विचारायची त्यांची रीत अजून चालू आहे, बाकाबाकानं. माझा बाक आला की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पुढे जाते आणि पुढचीचं नाव घेतलं जातं. मला विचारतच नाहीत. काढूनही टाकत नाहीत. नुसतं ओलांडतात, नाली ओलांडतात तसं. मी बसते. हाताची मूठ वळते, सोडते. सहा रूपं तोंडात घेऊन बसते आणि तशीच घरी नेते.

काल सकाळी डबा भरताना मी पुन्हा सुरुवात केली. ठरवून नाही. कांदा परतता परतता तोंडातून गेलं. क जं फ्युस. आईनं लाटणं थांबवलं. मी पण थांबले. मग ती मागून म्हणाली. मी दुसरी म्हटली, ती म्हणाली. तिसरीला मी घाबरले. खरंच घाबरले, स्वयंपाकघरात, माझ्याच घरात. आई पोळपाटाकडे बघत म्हणाली, "सोड ना लांब. कोणाले भेते?"

सोडला. पूर्ण लांब. मग दम घेतला. पुढची तीन आपोआप आली. 'बोलणे' आलं. 'येणे' आलं. सगळी परत आली, मी हाकललेली होती तरी. कांदा करपला. आईनं नवीन चिरला.

येत्या शनिवारी मी जाणार आहे. मागच्या बाकावर बसणार नाही, पहिल्या बाकावर बसणार. मॅडम सवयीप्रमाणे मला ओलांडतील आणि पुढचीचं नाव घेतील. ती उठायच्या आत मी उठेन. कोणी विचारलं नाही तरी उठेन. मार्गो म्हणून नाही. आधी माझं नाव सांगेन, मग आडनाव सांगेन, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि मग म्हणायला लागेन. आमच्या चालीत. ईशानला हात जोडायचे तर जोडू देत, मागच्या बाकाला हसायचं तर हसू देत. तिसऱ्या ओळीला मी आवाज लांब सोडणार आहे, आईनं सांगितला तेवढा.

मॅडम हात वर करतील. म्हणतील, थांब, थांब, थांब.

मी दम घेईन आणि चौथं रूप म्हणेन. मग पाचवं. मग सहावं. ते संपल्याशिवाय मी खाली बसणार नाही.